शिरोलीच्या आसपास: विहार, वंदना आणि विपश्यना

शिरोली एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला बुद्धाच्या वाटेची ओळख करून घ्यायची असेल तर त्याने कुठे जावं? कोणाची झोप उडालेली असते, कोणाला रागाने घर सोसवत नाही, तर कोणाला आजोबांनी स्वीकारलेला धम्म नीट समजून घ्यायचा असतो. उत्तर सोपं आहे आणि जवळचंही. या पट्ट्यात दोन दारं उघडी आहेत: वस्तीतला बुद्धविहार आणि आळत्याचं विपश्यना केंद्र. एका दारातून जाणारा दुसऱ्या दारात फारसा दिसत नाही, हे मला खटकतं, म्हणून या लेखात दोन्हींची माहिती एकत्र दिली आहे.

सांगली फाट्यापासून

पंचगंगेचा पूल ओलांडला की शिरोली पुलाची, मग पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने एमआयडीसी. फौंड्री, मशीन शॉप, फेटलिंगची शेड, वजनकाटे, चहाचे गाडे असा सगळा पसारा. इथल्या सांगली फाट्यावरून पूर्वेला वळलं की हालोंडी, हेर्ले, चोकाक, अतिग्रे करत हातकणंगले येतं. तिथून थोडं आत आळते गाव आणि गावाच्या वर रामलिंगचा डोंगर. याच रामलिंग रोडवर विपश्यनेचं ‘धम्मालय’ केंद्र आहे. शिफ्ट संपवून दुचाकीवरून सहज पोचता येईल एवढंच हे अंतर. बाहेरगावहून येणाऱ्याला कोल्हापूर-मिरज मार्गावरचं हातकणंगले स्टेशन सोयीचं.

हा डोंगरही पाहण्यासारखा आहे. रामलिंगचं गुहेतलं शिवमंदिर, जवळच जैनांचं कुंथुगिरी आणि त्याच परिसरात बुद्धाची साधना शिकवणारं केंद्र. हातकणंगले तालुक्यात जैन शेतकरी मोठ्या संख्येने आहेत, कुंभोजजवळचं बाहुबली याच तालुक्यातलं. मौन, उपवास, व्रत हे शब्द इथल्या घरांना नवे नाहीत.

दगडी पेटीतला दाता

बौद्ध धम्म कोल्हापुरात १९५६ नंतर आला असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तो इथे दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होता. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर शहरात खोदकाम करताना एका स्तूपाचे अवशेष लागले आणि त्यात अस्थी ठेवण्याची दगडी पेटी निघाली. पेटीवर ब्राह्मी लिपीत छोटा लेख आहे. दान बम्ह नावाच्या माणसाचं आणि काम धम्मगुत्त नावाच्या माणसाने करवून घेतलेलं, एवढीच माहिती तो देतो. कोल्हापूरच्या माणसांची आपल्याला माहीत असलेली ही फार जुनी नावं आहेत आणि ती बौद्ध आहेत. पुढे १९४५-४६ साली पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं. त्यात सातवाहन काळातली वस्ती आणि रोमन जगाशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा सापडल्या. त्या व्यापारी वाटांवर विहार उभे राहत.

जोतिबाच्या डोंगराजवळची पोहाळ्याची लेणी अजून जाऊन पाहता येतात. खांबांचं सभागृह आणि भिक्षूंच्या खोल्या कातळात कोरलेल्या आहेत. गावाचं पूर्ण नाव पोहाळे तर्फ आळते. आळत्याचं नाव जुन्या महसुली विभागामुळे इतक्या लांब जाऊन चिकटलं आहे. महामार्गाने उत्तरेला निघालात तर कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठहून अधिक लेणी आहेत. कराडच्या पुढे ट्रक पळवणाऱ्या चालकांपैकी फार थोड्यांना ती माहीत असतील.

माणगाव, बिंदू चौक, नागपूर

आजच्या विहारांची मुळं मात्र लेण्यांत नाहीत, ती माणगावात आहेत. माणगाव हातकणंगले तालुक्यातच आहे, त्या काळी ते कागल जहागिरीत होतं. २१ आणि २२ मार्च १९२० या दिवशी तिथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते अठ्ठावीस वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर. राजर्षी शाहू महाराज स्वतः आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला, असं त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितलं. त्याच वर्षी ३१ जानेवारीला सुरू झालेल्या ‘मूकनायक’ला महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत दिली होती.

तीस वर्षांनी, १९५० साली, भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. ४ मे १९५५ रोजी त्यांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. २०११च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ८४ लाख बौद्ध आहेत आणि त्यांतले सुमारे ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. शिरोलीच्या आसपासच्या गावांतली बौद्ध कुटुंबं याच इतिहासातून आलेली आहेत. त्यांतल्या अनेकांची तिसरी-चौथी पिढी आज एमआयडीसीत मोल्डर, सीएनसी ऑपरेटर, सुपरवायझर म्हणून काम करते.

विहारात काय चालतं

पहिल्यांदा जाणाऱ्याच्या मनात धाकधूक असते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

विहार म्हणजे बहुधा एक सभागृह. समोर बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं. चपला बाहेर काढायच्या, पंचांग प्रणाम करायचा आणि सतरंजीवर बसायचं. पांढरे कपडे घालण्याची रीत आहे, पण कामाच्या कपड्यांत आलेल्याला कोणी परत पाठवत नाही. ‘जयभीम’ किंवा ‘नमो बुद्धाय’ म्हणून स्वागत होतं. भिक्षू असतील तर त्यांना ‘भन्ते’ म्हणायचं. सुरुवातीला त्रिशरण आणि पंचशील पाली भाषेत म्हटलं जातं. मग बुद्धपूजा आणि वंदनेच्या गाथा होतात, त्यानंतर कधी ग्रंथवाचन, कधी एखाद्याचं छोटं भाषण. पाली येत नसेल तर ऐकावं. चार-सहा वेळा गेलं की ओठांवर बसतं.

गावोगावी भिक्षू उपलब्ध नसतात. नामकरण, लग्न, गृहप्रवेश, अंत्यविधी हे बहुतेक ठिकाणी बौद्धाचार्य पार पाडतात. हे बौद्धाचार्य म्हणजे प्रशिक्षण घेतलेले गृहस्थच, कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी कामगार. भारतीय बौद्ध महासभेच्या शाखा त्यांची तयारी करून घेतात. याच महासभेची श्रामणेर शिबिरं होतात. त्यांत गृहस्थ मुंडन करतो, चीवर घेतो, दहा शीलं पाळतो आणि साधारण दहा दिवस भिक्षूसारखा राहतो. ते संपलं की चीवर उतरवून पुन्हा आपल्या कामावर रुजू. हा अनुभव घेतलेली माणसं पुढे विहाराचा कणा बनतात, असं माझं निरीक्षण आहे.

वर्षभरातला सर्वांत भरीव काळ वर्षावासाचा. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, म्हाताऱ्या बायका मध्येच प्रश्न विचारतात. पाऊस बाहेर कोसळत असतो आणि आत दुःख, तृष्णा, मैत्री यांवर चर्चा चाललेली असते. बुद्धाशी पहिली ओळख करून घ्यायला याहून चांगली जागा मला माहीत नाही. अडचण एकच, वेळ संध्याकाळची. सेकंड शिफ्टचा कामगार महिन्यातले कितीतरी दिवस या वाचनाला मुकतो.

धम्मालयातले दहा दिवस

विपश्यनेची आजची परंपरा ब्रह्मदेशातून आली. तिचे भारतातले आचार्य सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली मंडालेचा. ते उद्योगपती होते, कारखाने चालवत होते आणि भयंकर अर्धशिशीने बेजार होते. दुखणं थांबवायला मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. १९५५ साली ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेले सरकारी अधिकारी होते आणि गृहस्थ असूनच साधना शिकवत. त्यांच्या आज्ञेने गोएंकांनी जुलै १९६९ मध्ये मुंबईत भारतातलं पहिलं शिबिर घेतलं. १९७६ साली इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. २०१३ साली गोएंकांचं निधन झालं. आजही सगळ्या केंद्रांवर त्यांच्याच ध्वनिमुद्रित सूचना आणि प्रवचनं ऐकवली जातात, सहायक आचार्य शंकांचं निरसन करतात. आळत्याचं धम्मालय या साखळीतलं एक केंद्र.

शिबिराचं वेळापत्रक कडक असतं. पहाटे चारला घंटा होते. साडेचारला ध्यान, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि नव्या साधकांना थोडं फळ वगैरे. रात्रीचं जेवण नाही. साडेनऊला दिवे बंद. रोजचं बसणं दहा तासांच्या वर जातं. मोबाईल जमा करावा लागतो, वाचन-लेखन बंद, आणि दहाव्या दिवसापर्यंत आर्य मौन: शेजाऱ्याशी बोलणं नाही, खाणाखुणाही नाहीत. अडचण आली तर आचार्यांशी किंवा व्यवस्थापकांशी बोलता येतं. स्त्री-पुरुषांची राहण्याची सोय वेगळी असते.

पहिले साडेतीन दिवस आनापान, म्हणजे नाकाशी येणारा-जाणारा श्वास नुसता पाहणं. श्वास लांब करायचा नाही, रोखायचा नाही. चौथ्या दिवशी विपश्यना दिली जाते. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवायचं आणि जिथे जी संवेदना असेल ती समतेने पाहायची. मग खाज असो, घाम असो वा गुडघ्यातली कळ. रोज तीन वेळा एकेक तास हात, पाय, डोळे न उघडता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. संवेदना उठते, टिकते, निघून जाते हे शरीरावरच पाहिलं की अनित्य या शब्दाचा अर्थ पुस्तकाशिवाय कळतो. दहाव्या दिवशी मैत्रीभावना शिकवतात आणि मौन सुटतं.

ज्याचं काम दिवसभर भट्टीसमोर लॅडल सांभाळण्याचं आहे त्याला शरीराच्या वेदना नव्या नाहीत. त्याला अवघड जातं ते स्वस्थ बसणं. मधला एखादा दिवस भल्याभल्यांना घरी पळावंसं वाटायला लावतो. हे आधी माहीत असलं तर माणूस टिकतो.

राहण्या-जेवणाचे पैसे घेत नाहीत, शिकवण्याचेही नाहीत. शिबिर पूर्ण केल्यावर ज्याला वाटेल तो पुढच्या साधकांसाठी दान देतो, आणि शिबिर न केलेल्याकडून दान स्वीकारलं जात नाही. स्वयंपाकघरात राबणारे धम्मसेवकही जुने साधकच असतात. बाजारात मनःशांती हजारो रुपयांना विकली जात असताना ही व्यवस्था पाच दशकांहून अधिक काळ चालली आहे, आणि मला तिच्याबद्दल मनापासून आदर वाटतो.

एक सावधगिरी गंभीरपणे सांगायची आहे. ज्याला मोठा मानसिक आजार झालेला आहे, जो त्यावर औषधं घेतो किंवा ज्याचं व्यसन ताजं आहे, त्याने अर्जात ते लपवू नये आणि आधी डॉक्टरांशी बोलावं. दहा दिवसांचं मौन हा उपचार नाही. औषधं आपल्या मनाने बंद करून शिबिराला जाणं धोक्याचं आहे.

रजेचं गणित

शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण पोचण्याचा दिवस आणि अकराव्या दिवसाची सकाळ धरली तर कॅलेंडरवर बारा दिवस जातात. इथे कायदा कामाला येतो. दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा, हे प्रमाण १९४८च्या कारखाने कायद्याने घालून दिलं आणि नव्या श्रमसंहितेनेही ते ठेवलं. वर्षात २४० दिवस कामावर असलेल्या कामगाराची १२ दिवस रजा होते. एका शिबिराला नेमकी पुरेल एवढी.

कागदावर हे जमतं. प्रत्यक्षात ऑर्डरचा ताण असतो, आणि कंत्राटी कामगाराला बारा दिवस गैरहजर राहिलं तर परत आल्यावर काम असेल का, ही धास्ती असते. राज्य शासनाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजेची सवलत दिली आहे. खासगी कारखान्यांवर तसं बंधन नाही. शिरोलीतल्या उद्योजकांनी वर्षाकाठी निदान काही कामगारांना अशी रजा आपणहून द्यावी, त्यात कंत्राटी कामगारांनाही धरावं.

मात्र त्याबरोबर दुसरी गोष्टही स्पष्ट असली पाहिजे. ध्यान हा गॉगल, हातमोजे आणि धूळ ओढून घेणाऱ्या यंत्रणेला पर्याय नाही. ओव्हरटाइम कमी करण्याऐवजी कामगाराला श्वास पाहायला सांगणं ही बुद्धाच्या शिकवणीची थट्टा आहे.

आणखी दोन वाटा

ब्रिटिश भिक्षू संघरक्षित यांनी १९६७ साली लंडनमध्ये सुरू केलेल्या चळवळीचं भारतातलं काम १९७०च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातून उभं राहिलं. पूर्वी त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण म्हणत, आता त्रिरत्न बौद्ध महासंघ. दापोडीचा महाविहार आणि भाजे लेण्यांजवळचं शिबिर केंद्र ही त्यांची ठिकाणं. ते आनापानसती आणि मेत्ता भावना असे दोन ध्यानप्रकार शिकवतात. आंबेडकरी समाजात ध्यान रुजवण्याचं त्यांचं काम मोलाचं आहे.

तिबेटी परंपरा पाहायची असेल तर महामार्गाने दक्षिणेला, हुबळीच्या पुढे मुंडगोड. १९६०च्या दशकात वसलेल्या तिथल्या तिबेटी वसाहतीत द्रेपुंग आणि गादेन हे मोठे मठ आहेत.

अमेरिकेतही दोन दारं

आपल्याकडे विहार वेगळा आणि ध्यानकेंद्र वेगळं, ही फाळणी अमेरिकेत अधिक ठळक आहे. तिथल्या मोठ्या शहरांत श्रीलंकेच्या, थायलंडच्या, व्हिएतनामच्या लोकांची मंदिरं आहेत. तिथे सण होतात, मुलं भाषा शिकतात, म्हातारी माणसं एकमेकांना भेटतात. शेजारच्याच उपनगरात गोऱ्या अमेरिकनांचे ध्यानगट भरतात, त्यांत बसणं खूप आणि समाज कमी. बोस्टनच्या पश्चिमेला बॅरी गावात १९७०च्या दशकात सुरू झालेली इनसाइट मेडिटेशन सोसायटी हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. तिच्या संस्थापकांपैकी शॅरन साल्झबर्ग १९७१ साली बोधगयेला गोएंकांच्या शिबिरात बसल्या होत्या. त्याच मॅसॅच्युसेट्स राज्यात १९८२ पासून गोएंकांच्या परंपरेचं धम्मधरा केंद्रही आहे.

याच राज्यात एक मराठी माणूस फार आधी पोचला होता. गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९१० साली हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या ध्यानावरच्या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. त्याआधी ते सिलोन आणि ब्रह्मदेशात भिक्षू म्हणून राहिले होते. परत आल्यावर त्यांनी पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली, मराठीत बुद्धावर पुस्तकं लिहिली आणि पुढे मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत बहुजन विहार उभारला. हार्वर्डचा ग्रंथ आणि परळची चाळ या दोन्ही ठिकाणी एकच माणूस तितक्याच निष्ठेने राबला. कामगार वस्तीत विहार कसा असावा, याचा विचार करताना मला कोसंबींची आठवण येते.

आणि २०२३ साली, धम्मदीक्षेच्या तारखेलाच, १४ ऑक्टोबरला, वॉशिंग्टनजवळ मेरीलँड राज्यात बाबासाहेबांचा १९ फूट उंच पुतळा उभा राहिला. तो परदेशात गेलेल्या आंबेडकरी कुटुंबांच्या पुढाकारातून झाला आहे.

फाळणी कशासाठी

विपश्यनेवर आंबेडकरी कार्यकर्त्यांचा एक आक्षेप असतो: अन्यायाविरुद्ध उठायचं सोडून माणूस डोळे मिटून बसतो. दुसरीकडे, शिबिर करून आलेली काही माणसं विहाराला ‘तिथे राजकारण चालतं’ म्हणून बाजूला सारतात. दोन्ही बाजूंनी थोडं थांबायला हवं. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत अष्टांगिक मार्ग पाळण्याची प्रतिज्ञा आहे, आणि त्या मार्गाची शेवटची दोन अंगं सम्यक स्मृती आणि सम्यक समाधी आहेत. म्हणजे ध्यान हे दीक्षेच्या बाहेरचं नाही. उलट धम्मालयात पहिल्याच संध्याकाळी पंचशील घ्यावं लागतं, आणि शील म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं याचाच प्रश्न. शेजारच्या वस्तीतल्या माणसाचा कप वेगळा ठेवून कोणाला समाधी लागणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जातीचं दुःख फक्त श्वास पाहून जात नाही आणि मनातला द्वेष फक्त मोर्चाने जात नाही. विहारात समाज आहे, केंद्रात साधनेची शिस्त आहे. शिरोलीच्या माणसाला दोन्ही लागतात आणि सुदैवाने दोन्ही इथेच आहेत. बौद्धेतर कामगारांनी विहाराची पायरी चढायला लाजू नये, त्यांच्या मित्रांनी त्यांना हात धरून न्यावं.

सुरुवात करायची तर

धम्मालयाच्या शिबिरासाठी आधी अर्ज करावा लागतो, तो ऑनलाइन होतो. उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या जागा लवकर भरतात, त्यामुळे दोन-तीन महिने आधी नाव द्यावं. पावसाळ्यात पंचगंगेला पूर आला तर २०१९ आणि २०२१ सारखा महामार्ग शिरोलीजवळ बंद पडू शकतो. कोल्हापूर शहरातून जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. दहा दिवस जमणार नसतील तर आनापानाची छोटी सत्रं असतात, मुलांसाठीही वेगळी शिबिरं होतात. एकदा दहा दिवस केलेल्यांसाठी एकदिवसीय शिबिरं आणि सामूहिक साधना असते. घरी रोज बसणं टिकवायला तिचा फार आधार होतो.

विहार समित्यांना एक विनंती आहे. वर्षावासात संध्याकाळच्या वाचनाबरोबर आठवड्यातून एकदा सकाळची वेळही ठेवा, म्हणजे सेकंड शिफ्टवाल्यांना येता येईल. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक कारखान्यात रविवारीच असते असं नाही, तेही लक्षात घ्या. वाचनानंतर पंधरा मिनिटं आनापान ठेवलं तर दोन्ही परंपरा एकाच सतरंजीवर येतील.

वाचकांनो, विहाराला अर्ज लागत नाही. येत्या पौर्णिमेला आपल्या जवळच्या विहारात जा आणि वंदनेची वेळ विचारा.